फाटक्या आवाजाची कुळकथा

विकत घेतलेल्या वस्तूत खोट निघाली की गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडते, वस्तू परत करते, निदान शेजारीपाजारी त्या दुकानाची अपकीर्ती तरी करते. गेल्या शतकात एका वस्तूच्या बाबतीत मात्र अगदी उलटा प्रकार घडला. बनवणाऱ्यांनी तिच्यातली खोट काढून टाकण्यासाठी जिवाचे रान केले आणि घेणाऱ्यांनी नेमकी तीच खोट वाढवून मागितली. मिळेना, तेव्हा ब्लेड आणि पेन्सिल हाती घेऊन ती स्वतःच निर्माण केली. ही वस्तू म्हणजे विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर.

घरातली तरुण मंडळी जे पाश्चात्त्य संगीत ऐकतात, त्यातला गिटारचा तो भरड, करवतीसारखा, तरीही लांबवर रेंगाळणारा आवाज कानी पडला की वडीलधारे कपाळाला आठ्या घालतात. मी शाळामास्तर, आठ्या घालण्याचा मला व्यवसायसिद्ध हक्कच आहे. पण हा आवाज आला कुठून, हे शोधत गेलो तेव्हा मौज अशी दिसली की, त्याचा इतिहास हा वादकांइतकाच रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा इतिहास आहे.

ज्यांच्या घरी मर्फी किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ होता, त्यांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगायला नको. बटण फिरवायचे, मग अर्धा मिनिट वाट पाहायची. आत काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड धरायचा आणि मागाहून आवाज यायचा. नळीतली हवा काढून टाकलेली असते. आतला धातूचा भाग तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. 1904 साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी अशी दोन भागांची नळी केली. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मध्ये तिसरा भाग बसवला, आणि सगळी किमया त्या तिसऱ्याची. उसाला पाणी देणारा गडी बांधावर फावडे घेऊन उभा असतो; ढेकूळभर माती त्याने इकडची तिकडे केली की अख्खा पाट वळतो. मधल्या जाळीचे काम हेच. गिटारच्या तारेखालच्या चुंबकातून येणारी वीज अगदी क्षीण; पण ती जाळीवर सोडली की पत्र्याकडे धावणारा मोठा प्रवाह तिच्या तालावर कमीजास्त होतो.

पण पाटात पाणी असेल तेवढेच वाहणार. गड्याने कितीही माती ओढली तरी त्याहून जास्त कुठून येणार? व्हॉल्व्हवर भलताच भार टाकला की आवाजाच्या लाटेचे उंच शेंडे त्याला पेलत नाहीत. ते चेपले जातात. लाटेचा आकार बिघडला की मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तिच्यात मिसळतात. शास्त्राच्या दृष्टीने ही विकृती, आणि रेडिओच्या कारखान्यात ती अक्षम्य. फरक एवढाच की व्हॉल्व्ह लाटेचे शेंडे बहुधा हळूहळू, गोलाई ठेवून चेपतो. पुढे आलेला साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर ते एकदम छाटून टाकतो. कानाला ते ताबडतोब कळते.

आपल्याकडच्या गवयाला हे ऐकून नवल वाटू नये. तानपुऱ्याची घोडी सपाट का करतात? तार तिच्यावर किंचित घासावी आणि एका स्वरातून अनेक स्वर झणकारत बाहेर पडावेत म्हणूनच ना? जवारी काढणारा मिरजेचा कारागीर घोडीवरून कानस किती नेमकी फिरवतो, आणि तारेखालचा दोरा केसभर सरकवला की सगळे वाद्य कसे बोलू लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘स्वच्छ आवाज’ आणि ‘चांगला आवाज’ हे दोन निराळे शब्द आहेत हे पटवून देण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या इंजिनियरांना ते पटायला बराच काळ गेला.

मुळात गिटारला वीज लावली ती केवळ पोटासाठी. नाचाच्या मोठ्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणाला ऐकूच येत नसे. 1932 साली लॉस एंजेलिसहून रिकेनबॅकर यांच्या कारखान्याची विजेची हवाईयन गिटार बाजारात आली. तिचा आकार पाहून लोक तिला ‘तळण्याचा तवा’ म्हणत. 1939 साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन यांच्या प्रख्यात ताफ्यात दाखल झाला आणि गिटारवर एकेक स्वर घेऊन तो सॅक्सोफोनच्या जोडीने ऐन मैफलीत बोलू लागला. 1942 साली, पंचविशीतच तो क्षयाने गेला. तीन वर्षांची ही कारकीर्द; पण तेवढ्यात मागच्या रांगेतले वाद्य पुढे आले ते कायमचे.

आता लिओ फेंडर यांच्याकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे हे गृहस्थ आधी हिशेबनीस होते. मंदीच्या दिवसांत नोकरी गेली, म्हणून 1938 साली त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. गावोगावचे वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर तिथे घेऊन येत. काय बिघडते, का बिघडते, हे पाहता पाहता फेंडर स्वतःच ते बनवू लागले. 1946 साली त्यांची स्वतःची कंपनी निघाली. गंमत अशी की त्यांना गिटार वाजवता येत नसे. त्यामुळे असेल, वादक काय सांगतो ते ते निमूट ऐकत. त्यांचे खोके प्रवासी बॅगेच्या जाड कापडाने मढवलेले, उघडायला सोपे, दुरुस्तीला सोपे. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसवायचा त्याचा तक्ता आतच चिकटवलेला. बिघडलेले यंत्र पुन्हा कुणाच्या तरी हाती उघडले जाणार आहे, हे दुरुस्ती करून पोट भरलेला माणूसच जाणतो.

फेंडर यांना हवा होता मोठा पण स्वच्छ आवाज. 1952 साली त्यांनी खास बेस गिटारसाठी ‘बेसमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्या दशकाच्या मध्यास त्यात दहा इंची चार स्पीकर आले, आणि झाले भलतेच: बेसवाल्यांपेक्षा साध्या गिटारचे वादकच तो उचलू लागले. बटण पूर्ण फिरवले की तो भरदार फाटे, म्हणून!

दरम्यान गरिबाघरचे वादक आपापल्या परीने प्रयोग करीतच होते. 1951 साली ‘रॉकेट 88’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी मेम्फिसला निघालेल्या मंडळींचा अ‍ॅम्प्लिफायर वाटेत गाडीवरून पडला म्हणतात. स्टुडिओत फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली आणि तोच आवाज तबकडीवर उतरला. लिंक रे याने स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. 1958 सालची त्याची ‘रंबल’ ही धून काही अमेरिकी रेडिओ केंद्रांनी लावायचे नाकारले. कारण काय, तर म्हणे पोरे मारामाऱ्या करतील. त्या धुनेत शब्द एकही नाही! 1964 साली लंडनच्या डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या पोराने आपल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर ब्लेडने चिरला, आणि त्या चिरक्या आवाजावर किंक्स मंडळींचे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले.

खरे नाट्य घडले ते लंडनच्या पश्चिमेला, हॅनवेल भागात. जिम मार्शल हे पेशाने ड्रमवादक आणि ड्रमशिक्षक. लहानपणी हाडांच्या क्षयाने त्यांची कित्येक वर्षे प्लास्टरमध्ये गेली होती. 1960 साली त्यांनी वाद्यांचे दुकान काढले. शिष्यांच्या मागोमाग त्यांचे गिटारवाले मित्र येऊ लागले. त्यांत पीट टाउनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. पोरांची तक्रार एकच: अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर परवडत नाही आणि इथला मनासारखा वाजत नाही. मार्शल यांच्याकडे दुरुस्तीला केन ब्रॅन होते. त्यांनी डडली क्रेव्हन नावाचा एक मुलगा गाठला. वय अठराच्या आसपास, इएमआय कंपनीत उमेदवारी करणारा. या तिघांनी बेसमनची रचना समोर ठेवली आणि 1962 साली तिची नक्कल केली.

नक्कल हा शब्द मी मुद्दाम वापरला. शाळेत नक्कल करणाऱ्याचे गुण आम्ही कापतो. पण हुबेहूब नक्कल करायलासुद्धा साहित्य तेच लागते, आणि ते त्यांच्याजवळ नव्हते. ट्रान्सफॉर्मर इंग्रजी आले. दहा इंचीऐवजी बारा इंची चार स्पीकर आले, तेही मागून बंद पेटीत. पहिल्या टप्प्यावर सिग्नल अधिक वाढवणारा व्हॉल्व्ह बसला. पुढे शेवटच्या टप्प्यावरचेही व्हॉल्व्ह इंग्रजी आले. नकाशा कॅलिफोर्नियाचा, घर लंडनचे! आवाज अधिक दाट झाला आणि लवकर फाटू लागला. 1966 साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयल यांच्या तबकडीसाठी असाच एक मार्शल स्टुडिओत नेऊन सभेत वाजवावा तितक्या मोठ्याने वाजवला. त्यानंतर या आवाजाला खोट म्हणणे मागे पडत गेले.

पेटीवर नाव मार्शल यांचे राहिले, आणि दुकान त्यांचे, धाडस त्यांचे, तेव्हा त्यात गैर काही नाही. तरी तारा जुळवणारा तो अठरा वर्षांचा पोर माझ्या मनातून जात नाही. गिटार वाजवणाऱ्या कित्येकांना त्याचे नाव ठाऊक नसेल.

मागणी थांबली नाही. टाउनशेंड आणखी मोठा आवाज मागू लागला. 1965 साली शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर झाला. त्याने आठ स्पीकरांची एकच पेटी करून घेतली; ती उचलताना हमालांची कंबर मोडू लागली, म्हणून चार-चारच्या दोन पेट्या एकावर एक रचण्याची रीत पडली. त्या काळात इतक्या आवाजाशेजारी उभ्या राहिलेल्या कित्येक वादकांचे कान पुढे अधू झाले. टाउनशेंड यांनी आपल्या बधिरतेविषयी जाहीरपणे सांगितले आहे. या कथेतला हा खर्च हिशेबातून गाळता येत नाही.

आवाज फाटायला हवा, पण कान फाटायला नकोत, हा पेच सोडवला तोही एका दुरुस्तीवाल्यानेच. सन 1970च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला रँडल स्मिथ हा तरुण लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करी. एका मित्राची थट्टा करावी म्हणून त्याने फेंडरच्या चिमुकल्या ‘प्रिन्स्टन’च्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सँटाना यांनी तो वाजवून पाहिला आणि ते खूश झाले. पुढे स्मिथने व्हॉल्व्हचा एक टप्पा वाढवला आणि आवाजाची बटणे वेगवेगळ्या टप्प्यांवर बसवली. सुरुवातीलाच लाट हवी तेवढी चेपून घ्यावी आणि शेवटी बाहेर सोडताना हळू सोडावी. ही युक्ती आज सरसकट दिसते.

आपल्याकडच्या कुणा हौशी तरुणाने जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतलाच, तर त्याच्या आईवडिलांसाठी दोन शब्द. अमेरिकेचा माल बहुधा 120 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टवर थेट लावला की जळालाच समजा, मधे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. स्पीकर न जोडता तो कधी चालवू नये. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि महागडा भाग तोच. जुने कंडेन्सर बदलून घ्यावेत. बटण बंद केले, प्लग काढला, तरी त्या कंडेन्सरांत शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. माझ्या ओळखीचे एक वृद्ध रेडिओ मेकॅनिक आहेत. पेटी उघडली की ते प्रथम कंडेन्सर रिकामे करतात, मीटर लावून पाहतात, आणि डावा हात खिशात घालूनच काम सुरू करतात. मी कारण विचारले. “मास्तर, एका हातातून आत शिरलेली वीज दुसऱ्या हाताने बाहेर पडते,” ते म्हणाले, “आणि वाटेत छाती लागते.”

त्यांच्या कपाटात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जुने व्हॉल्व्ह आहेत, रेडिओसाठी घेतलेले. रेडिओ संपले, आता गिटारवाली पोरे ते मागायला येतात. इंग्लंड-अमेरिकेतले व्हॉल्व्हचे मोठे कारखाने केव्हाच बंद झाले. नवा माल मुख्यतः रशियातल्या सारातोव्हहून, स्लोव्हाकियातून आणि चीनमधून येतो. 2022 साली युद्धामुळे रशियाचा माल अडला, तेव्हा जगभरच्या वादकांची व्हॉल्व्ह साठवून ठेवण्यासाठी एकच धांदल उडाली. दुसरीकडे संगणकाच्या बळावर या अ‍ॅम्प्लिफायरांची नक्कल करणारी नवी यंत्रे आली आहेत. त्यांत व्हॉल्व्ह एकही नसतो. जुन्या पेटीतून येणारी ती विजेची बारीक घरघर काढून टाकण्यासाठी फेंडर यांच्या पिढीने डोके खपवले. या नव्या यंत्रांपैकी काहींत ती घरघर किती हवी हे ठरवण्याची वेगळी सोय दिलेली आहे.