हरिहरेश्वर रोमन लिपीत किती प्रकारे लिहितात? डोमेन-नावांच्या बाजाराचा इतिहास

१/
श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे पेशव्यांच्या कुलदैवताचे क्षेत्र. देवनागरीत हे नाव एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र 'श्व' हे जोडाक्षर निरनिराळ्या रीतींनी उतरते, आणि संकेतस्थळाच्या पत्त्यांच्या बाजारात त्यातील प्रत्येक रूप ही स्वतंत्र विकाऊ वस्तू ठरते. नाव स्वस्तात नोंदवायचे आणि पुढे चढ्या भावाने विकायचे, या व्यवसायात घेण्याजोगे नाव कोणते, हे तीस वर्षांत कसकसे ठरत गेले, त्याचा हा धागा.

२/
'डॉट कॉम' प्रकारातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे ते होते. त्यानंतर दहा वर्षे नोंदणी विनामूल्य होती. नियम एकच : जो प्रथम येईल त्याचे नाव. पडीक जमिनीला कोणी मोल देत नाही, तशीच नावांची स्थिती होती.

३/
१९९५ मध्ये दोन घटना घडल्या. ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत नोंदणीला दोन वर्षांचे १०० डॉलर शुल्क लागू झाले. शुल्क आल्याने नाव बाळगणे खर्चाचे झाले. तेव्हापासून प्रत्येक नावाला एक प्रश्न चिकटला : हा खर्च भरून देणारा ग्राहक कधीतरी येईल काय?

४/
काही नावांना तो आला. इंग्रजीतील 'बिझनेस' या साध्या शब्दाचे डॉट कॉम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकले गेले आणि १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला. या सौद्याची कीर्ती जगभर झाली. त्यातील मर्म मात्र अनेकांच्या नजरेतून निसटले. तो शब्द कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, आणि तो हवा असणारे व्यापारी असंख्य होते.

५/
उलट वाटेने गेलेल्यांचा अनुभव निराळा होता. अमेरिकेतील डेनिस टोपेन याने पॅनाव्हिजन या चित्रपट-कॅमेरे पुरवणाऱ्या कंपनीचे नाव आधीच नोंदवले, त्या पत्त्यावर इलिनॉय राज्यातील पॅना गावाची हवाई छायाचित्रे लावली आणि नाव सोडण्यासाठी १३,००० डॉलर मागितले. गावाचा आडोसा न्यायालयात टिकला नाही. १९९८ मध्ये अपिलातही निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

६/
मुंबईतही हाच प्रश्न लवकर उभा राहिला. रेडिफ या मुंबईच्या कंपनीने, तिच्या नावातील एकच स्वर बदलून 'रॅडिफ' हा पत्ता घेणाऱ्या सायबरबूथविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रतिवादींचा खुलासा असा की, हे नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्युचर आणि फ्री या शब्दांच्या आद्याक्षरांतून सिद्ध झाले. १९९९ मध्ये न्यायालयाने तो अमान्य केला आणि डोमेन-नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे मत नोंदवले.

७/
त्याच वर्षी डोमेन-तंटे मिटवण्याचे आंतरराष्ट्रीय धोरण लागू झाले. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव त्याच्या व्यापारचिन्हाशी एकरूप अथवा भ्रम होण्याइतके सारखे आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हितसंबंध नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदवून वापरले गेले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन-नावांना व्यापारचिन्हाचे तत्त्व लागू होते, हे मान्य केले. तेव्हापासून दुसऱ्याच्या नाममुद्रेवर डाव लावणारा पुनर्विक्रेता खरेदीच्या क्षणीच हरलेला असतो.

८/
मग गावांच्या नावांचे काय? २००० मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरित्झ येथील पर्यटन संस्थेने गावाच्या नावाचा पत्ता मागितला. तक्रार फेटाळली गेली. त्याच वर्षी बार्सिलोना नगर परिषदेला मात्र लवादाने तिच्या शहराच्या नावाचा पत्ता देऊ केला. २००३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने तो निर्णय उलटवला : निव्वळ स्थलनामावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही.

९/
याचा अर्थ असा की, हरिहरेश्वरसारखे नाव कायद्याच्या दृष्टीने तुलनेने निर्धोक असते. पण निर्धोक असणे निराळे आणि मौल्यवान असणे निराळे. रोमन लिपीत या नावाला १३ अक्षरे लागतात. 'श्व' कोणी एस-एच-डब्ल्यूने लिहितो, कोणी एस-एच-व्हीने, कोणी केवळ एस-डब्ल्यूने. शेवटी 'ए' जोडणारेही असतात. नाव दूरध्वनीवरून सांगितले, तर ऐकणारा ते अचूक टंकीलच याची शाश्वती नाही. ऐकून बिनचूक टंकता येणे ही या व्यवसायातील जुनी कसोटी, आणि येथेच नाव अडखळते.

१०/
शिवाय नाव एकट्या कोकणाचे नाही. कर्नाटकातील हरिहर येथे होयसळकालीन हरिहरेश्वर मंदिर आहे. नावाचे दावेदार दोन असले की संभाव्य ग्राहक वाढतात. परंतु त्या पत्त्यावर येणारा वाचक कोणत्या हरिहरेश्वराच्या शोधात आहे, हे सांगणे अवघड होते. जाहिरातीसाठी नाव घेणारा खरेदीदार ही संदिग्धता हिशेबात धरतोच.

११/
स्थलनामाला आणखी एक जोखीम असते : नामांतर. हरिहरेश्वर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तो १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा होता. १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले. अलीकडे औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. जुन्या नावाचा पत्ता लगेच निरुपयोगी होत नाही, कारण लोकांच्या बोटांना तो वळणी पडलेला असतो. पण पुढच्या पिढीचा ग्राहक नवे नाव शोधतो. म्हणून स्थलनाम घेणाऱ्याला शासननिर्णयही वाचावे लागतात.

१२/
लिपीचा पेच सुटावा म्हणून २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील '.भारत' हे क्षेत्र सुरू झाले. आरंभीच्या आठ भाषांत मराठी व कोकणीही होत्या. तेथे हरिहरेश्वर एकाच रूपात लिहिता येते आणि स्पेलिंगचा प्रश्न संपतो. अडचण वेगळीच उरते : पत्ता देवनागरीत टंकणारे ग्राहक अजून विरळ आहेत. लिहायला निर्दोष असलेले नावही मागणी नसेल तर विकले जात नाही.

१३/
मागणीचे स्वरूपही पालटले. आरंभीच्या काळात लोक थेट पत्त्याच्या चौकटीत शब्द टंकून नशीब अजमावत. त्या चुकल्यामाकल्या वाटसरूंना जाहिराती दाखवूनही नावधारकाला मिळकत होई. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने पत्ता आणि शोध यांची चौकट एक केली, आणि टंकलेला शब्द शोधयंत्राकडे वळू लागला. आज हरिहरेश्वरला जाणारा प्रवासी बहुधा नकाशातून घरगुती निवासाचा दूरध्वनी क्रमांक उचलतो.

१४/
आता धारणेचा खर्च. श्रीवर्धनच्या भट घराण्याकडे तेथील देशमुखी वतन म्हणून होती. वतन वंशपरंपरेने चाले, आणि ते विकता किंवा गहाणही टाकता येई. डोमेन-नावाला अनेक जण असेच वतन समजतात. प्रत्यक्षात तो मुदतीचा मक्ता आहे. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी फार तर दहा वर्षांची होते. शुल्क थकले की सवलतीचा काळ उलटल्यावर नाव पुन्हा बाजारात जाते.

१५/
समजा, एखाद्याने १०० नावे घेतली आणि प्रत्येकी वर्षाला १,००० रुपये भरले. वर्षाचा खर्च एक लाख. पाच वर्षांत तीन नावे प्रत्येकी ५०,००० रुपयांना विकली गेली, तर हाती दीड लाख येतात आणि खर्च पाच लाखांच्या घरात असतो. प्रत्येक विक्री नफ्याची दिसते. एकूण धंदा मात्र तोट्यात जातो. न विकलेल्या ९७ नावांचे शुल्क त्या तिघांच्या किमतीतूनच वसूल व्हायला हवे.

१६/
म्हणून अनुभवी पुनर्विक्रेते नाव घेण्यापूर्वी काही प्रश्न याच क्रमाने विचारतात. हे कोणाचे व्यापारचिन्ह आहे काय? असल्यास विषय संपला. ऐकून बिनचूक टंकता येते काय? त्याच शब्दाने धंदा करणारे, पैसे देऊ शकणारे, निदान दहा-वीस ग्राहक आज अस्तित्वात आहेत काय? तशीच नावे पूर्वी कोणत्या भावाने विकली गेली? आणि विक्री लांबली, तर किती वर्षांचे शुल्क भरण्याची तयारी आहे?

१७/
या कसोट्यांवर हरिहरेश्वर हे नाव दूरच्या दलालासाठी बेताचे ठरते : हक्काचा तंटा कमी, पण स्पेलिंग अनेक आणि मोठा ग्राहक दुर्मीळ. गावातील निवास चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. त्याला नाव विकायचे नसते. एका आरक्षणातून वर्षभराचे शुल्क सुटते, आणि मध्यस्थाला द्यावे लागणारे कमिशन त्या आरक्षणापुरते वाचते. त्याने दोन प्रचलित स्पेलिंगे नोंदवून एका पत्त्याकडे वळवली, तर हे नाव बाजारात उभे करण्यापेक्षा त्याच्याच हाती अधिक मिळकत देते.