वळणाची रेषा : नाणेघाटापासून पडद्यापर्यंत

मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती ओलांडण्याच्या वाटांचा इतिहास हा बऱ्याच अंशी वळणांचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

मुरबाडहून वैशाखरेमार्गे जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन नाणेघाट घळीतून जवळजवळ सरळ चढतो. पायी माणसाला आणि ओझ्याच्या बैलाला पायरी चालते. चाकाला ती चालत नाही. १८६५ साली कसारा ते इगतपुरी लोहमार्ग खुला झाला तेव्हा अभियंत्यांनी चढ सदतिसास एक इतका राखला आणि त्यासाठी घाटात गाडीची दिशा उलटवणारे स्थानकही बांधले. मोटारीने मात्र चढ वळणांत विभागला. कसारा आणि माळशेज या घाटांचे आजचे रूप तिच्यामुळे घडले.

याच वळणाचा पुढचा अवतार पडद्यावर आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' (२००१) या खेळाने त्रिमितीय शहरात मोकळे फिरणे रूढ केले, तर 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड'ने (२००६) हवाईतील ओआहू बेटाचे रस्ते खेळात उतरवले. अशा खेळांत प्रावीण्य कसे येते? वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकांवर येतो आणि त्यांची पकड वाढते. मग बाहेरच्या कडेने शिरायचे, आतली कड गाठायची आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघत वेग वाढवायचा. भौतिकीच्या दृष्टीने हे सारे खरे आहे, कारण रेषा जितकी रुंद तितकी तिची त्रिज्या मोठी.

पण ही रेषा शर्यतीच्या मैदानाची आहे. तिथे समोरून कोणी येत नाही. माळशेजच्या आंधळ्या वळणावर बाहेरून आत जाणे म्हणजे समोरच्याच्या बाजूत शिरणे. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा आपल्याकडील वाहतुकीचा नियम आहे. त्यात दुसऱ्याचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. खेळात दरीत पडलेली गाडी क्षणात रस्त्यावर परतते. त्यामुळे चूक स्वस्त होते.

या तालुक्यांतील कित्येक मुलांच्या हाती खरे स्टिअरिंग येण्याआधी पडद्यावरचे येते. वळणाआधी वेग कमी करण्याचा धडा त्यांनी तिथून अवश्य घ्यावा. मात्र रेषा आपल्याच बाजूची राखावी. ती शिकवणारा गुरू घाटच आहे.