फिंगर लेक्स : सरोवरे, धबधबे आणि जळालेली गावे

न्यूयॉर्क राज्यात हाताच्या बोटांसारखी लांबट अकरा सरोवरे आहेत. हिमनद्यांनी कोरलेल्या या प्रदेशात खोल घळी आहेत आणि टॉगॅनॉक हा २१५ फुटी धबधबा आहे, नायगाऱ्याहूनही उंच. पर्यटकांना नवल वाटते ते मात्र गावांच्या नावांचे : इथाका, होमर, ओव्हिड. अमेरिकेच्या रानात ग्रीस-रोम आले कोठून?

१७७९. स्वातंत्र्ययुद्धात येथील इरोक्वॉय संघातील बहुतेक जमाती ब्रिटिशांच्या बाजूने होत्या. वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून जनरल सुलिव्हनच्या सैन्याने सुमारे ४० गावे जाळली, उभा मका नष्ट केला आणि कायुगा सरोवराकाठी पीचच्या बागाही तोडल्या. धान्य जाळणे युद्धनीतीत बसते. फळझाडे तोडण्यामागे लोकांनी परतूच नये हा हेतू दिसतो. हजारो निर्वासितांनी तो भीषण हिवाळा नायगारा किल्ल्याच्या आश्रयाने काढला, अनेक दगावले.

पुढे हीच जमीन सैनिकांना ६०० एकरांच्या तुकड्यांनी वाटली गेली आणि नकाशावर अभिजात नावे उमटली. सरोवरांची कायुगा, सेनेका ही नावे तेवढी टिकली. हा सेनेका म्हणजे रोमन तत्त्वज्ञ नव्हे. ज्यांची गावे जळाली, त्यांतलीच ती एक जमात. १७९० मध्ये तिचा सरदार कॉर्नप्लांटर याने राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला सांगितले, की आमचे लोक तुम्हाला ‘गावे उजाडणारा’ म्हणतात.