एलिझाबेथ डॅरेल: दुसऱ्यांच्या कागदांत सापडणारी बाई

सर थॉमस वायट म्हणजे आठव्या हेन्रीच्या दरबारातला कवी आणि राजदूत. इटालियन सॉनेट इंग्रजीत आणलं ते त्यानेच. त्याच्या चरित्रांत एलिझाबेथ डॅरेल मात्र बहुतेकदा एका ओळीत उरकली जाते: 'वायटची रखेल'. संशोधनाची तयारी करताना तुम्हालाही अशी माणसं भेटतील, ज्यांच्याबद्दल फक्त इतरांनी लिहून ठेवलंय. मग त्यांचं आयुष्य वाचायचं कसं? तीन कागद बघूया.

पहिला १५३६ चा. एलिझाबेथ ही कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉनची सेविका. हेन्रीने विवाह रद्द ठरवला तरी कॅथरिन स्वतःला त्याची पत्नीच मानत होती. आणि नवरा हयात असताना पत्नीला त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नव्हतं. म्हणून मरताना तिने हेन्रीकडे विनंत्यांची यादी केली. त्यात एलिझाबेथच्या लग्नासाठी २०० पौंड होते. इथे घाई करू नका. यादीत रक्कम आहे म्हणजे ती हातात पडली, असं सिद्ध होत नाही. राणीला तिच्या भवितव्याची काळजी होती, एवढंच सिद्ध होतं.

दुसरा १५४१ चा. वायट राजद्रोहाच्या आरोपावरून टॉवरमध्ये कैदेत होता. मार्चमध्ये सुटला, पण अट अशी की वर्षानुवर्षं वेगळ्या राहणाऱ्या बायकोला परत घ्यायचं. ही अट सम्राटाचा राजदूत शापुई याच्या पत्रातून कळते. एलिझाबेथला त्या वेळी काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. तिचं घर मात्र या अटीवर टांगलेलं होतं.

तिसरा कागद त्याच वर्षीचा, वायटचं मृत्युपत्र. त्यात एलिझाबेथ आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांची तरतूद आहे. यात विशेष काय? तर विवाहबाह्य मुलाला कायद्याने वारसा मिळत नव्हता. जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा देणारा कायदा नुकताच, १५४० मध्ये झाला होता. हे माहीत नसेल तर तुम्ही मृत्युपत्राला प्रेमाची खूण म्हणून मोकळे व्हाल. माहीत असेल तर दिसतं, की त्या दोघांना वाऱ्यावर न सोडण्यासाठी कायदेशीर कागद लागणारच होता. पुढच्याच वर्षी, १५४२ मध्ये, वायट तापाने गेला.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. तिथे न दिसणारा ग्रह ताऱ्याच्या हलण्यावरून ओळखतात, पण त्यावरून त्याचा रंग सांगत नाहीत. इथेही तसंच. एलिझाबेथची असुरक्षितता या कागदांतून मोजता येते, तिचं मन नाही.

म्हणून प्रबंधात 'रखेल' किंवा 'प्रेयसी' लिहिण्याआधी जरा थांबा. तो शब्द कागदात आहे, की तुमचा आहे?