शनिवार-रविवारची पाळकांची शाळा

आपल्या मंडळात ख्रिस्ती भगिनी आहेत तशा इतरही आहेत, म्हणून आरंभी थोडे समजावून सांगते. चर्चमध्ये उपासना चालविणारा, लग्न लावणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारा तो पाळक. हे पद मिळण्यापूर्वी बायबल, धर्मतत्त्वे, मंडळीचा इतिहास, प्रवचन कसे करावे, हे सारे शिकावे लागते. मग बिशप डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. हे शिक्षण देणाऱ्या विद्यालयास सेमिनरी म्हणतात.

इंग्लंडात जुनी रीत अशी की, उमेदवाराने दोनतीन वर्षे विद्यालयातच जाऊन राहावयाचे. तरुण, एकट्या पुरुषास ते साधे. पण ज्याच्या पगारावर घर चालते त्याने काय करावे? आणि मुलाबाळांच्या आईने तर तो विचारच मनात आणू नये, अशी स्थिती होती.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेस सदर्क नावाचा भाग आहे. तेथे तेव्हा गोद्या, कारखाने आणि मजुरांची दाट वस्ती होती. चर्चकडे या लोकांची पावले फारशी वळत नसत. १९५९ साली मर्व्हिन स्टॉकवुड हे तेथे बिशप झाले व त्यांच्या मदतीस जॉन रॉबिन्सन हे दुसरे बिशप आले. कष्टकरी माणसाला त्याच्यातलाच पाळक मिळाला पाहिजे, असे त्यांना वाटे. फ्रान्समध्ये काही कॅथलिक धर्मगुरू कारखान्यांत मजूर म्हणून राबू लागले होते. १९५४ साली रोमहून त्यांच्यावर बहुतांशी बंदी आली, पण ती कल्पना इंग्लंडात पोचली होती. सदर्कच्या बिशपांनी मात्र तिची दिशा उलटी केली. पाळकाला मजूर करण्यापेक्षा, कामावर जाणाऱ्या माणसालाच पाळक का करू नये?

त्याप्रमाणे १९६० साली ‘सदर्क ऑर्डिनेशन कोर्स’ सुरू झाला. नोकरी सोडावयाची नाही, घर सोडावयाचे नाही. कामावरून सुटल्यावर संध्याकाळी वर्गाला जावयाचे, उरलेला अभ्यास घरी करावयाचा, मधूनमधून शनिवार-रविवारी सर्वांनी एकत्र राहावयाचे आणि उन्हाळ्यात काही दिवस शिबिरास जावयाचे. अशी ही योजना. इंग्लंडच्या चर्चमध्ये असे शिक्षण प्रथमच दिले जात होते. कॅनन स्टॅन्ली एव्हान्स हे पहिले प्राचार्य.

एकत्र राहिल्याशिवाय पाळक घडतो काय, ही शंका अशा शिक्षणाबद्दल नेहमीच घेतली जाते, आणि ती अगदीच खोटी नव्हे. एकत्र जेवण, एकत्र प्रार्थना, एकमेकांची थट्टा, कधी भांडण, यांतून माणूस जे शिकतो ते पुस्तकात नसते. म्हणून तर ते शनिवार-रविवार महत्त्वाचे. परंतु घरी राहून शिकणाऱ्याला दुसरी एक शाळा असते. दिवसभर ज्यांच्यात तो वावरतो त्यांची दुःखे त्याला वेगळी शिकवावी लागत नाहीत.

या कोर्सच्या विद्यार्थ्यांत एक बाई होत्या, ऊना क्रोल. जन्म १९२५ चा. त्या डॉक्टर होत्या, चार मुलांच्या आई होत्या. दवाखाना आणि घर सांभाळून त्यांनी शिक्षण पुरे केले. सोबतच्या पुरुषांना पाळकपदाची दीक्षा मिळे. स्त्रियांना ती नव्हती. ऊनाबाई १९७० साली डीकनेस, म्हणजे मंडळीच्या सेविका, झाल्या. अभ्यास तोच, पण दार निम्मेच उघडले.

१९७८ साली इंग्लंडच्या चर्चच्या मोठ्या सभेपुढे स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न आला. बिशपांची मते अनुकूल ३२, प्रतिकूल १७. सामान्य सभासदांची १२० विरुद्ध १०६. परंतु पाळकवर्गाची ९४ विरुद्ध १४९ पडली आणि ठराव फेटाळला गेला. तेव्हा वरच्या सज्जातून ऊनाबाई मोठ्याने म्हणाल्या की, आम्ही भाकर मागितली आणि तुम्ही आम्हांला धोंडा दिला. भाकर मागणाऱ्या लेकराच्या हाती बाप धोंडा देईल काय, असे येशूने विचारले होते. त्या सभेत त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नसेल.

पुढे १९८७ साली स्त्रिया डीकन झाल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये पुन्हा मतदान झाले. तिन्ही गटांत दोन तृतीयांश मते हवी होती. सामान्य सभासदांत १६९ विरुद्ध ८२ मते पडली. दोघांनी जरी मत फिरवले असते तरी ठराव पडला असता. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल येथे ३२ स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ऊनाबाई तेव्हा वेल्समध्ये राहात. तेथील चर्चने उशिरा मान्यता दिली. १९९७ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांना दीक्षा मिळाली. २०१७ साली त्या वारल्या. सदर्कचा कोर्स १९९४ साली दुसऱ्या एका संस्थेशी जोडला गेला; नोकरी सांभाळून शिकण्याची पद्धत मात्र इंग्लंडभर पसरली.

आपल्या देशातही याच जातीचे काम झाले. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात १९६३ साली सेमिनरीचे शिक्षकच गावोगाव जाऊ लागले. त्या धर्तीवर १९७१ साली बंगलोर येथे ‘टॅफ्टी’ ही संस्था निघाली. घरी पुस्तकावरून धडे करावयाचे आणि ठरल्या वेळी जवळच्या गटात जमून त्यांवर चर्चा करावयाची, अशी तिची रीत.

माझे शिक्षण सातवीवर थांबले. पुढची शाळा दूर होती, एवढेच कारण. बुद्धी नाही म्हणून राहिलेल्या आपल्यांत थोड्या. शाळा लांब म्हणून राहिलेल्या पुष्कळ. सदर्कच्या लोकांनी परीक्षा सोपी केली नाही, फक्त वेळ आणि जागा बदलली. तेवढ्याने कितीजणांची वाट मोकळी झाली! मात्र शिकून झाल्यावरही दार उघडेलच असे नाही, ते ठोठावीत राहावे लागते, हे ऊनाबाईंनी दाखविले.

आपल्या मंडळाचे वर्ग दुपारी दोन ते चार, भांडी आवरल्यानंतर, असतात. ही वेळ ज्यांनी प्रथम ठरविली त्यांनी किती मोठी गोष्ट केली, हे मला ही हकिकत वाचल्यावर उमगले.