ऑझची जादू आणि मुलीचें मोठें होणें

मुलांकरितां म्हणून निर्माण झालेल्या कलाकृतींचे खरे आश्रयदाते पुष्कळदां वडील माणसेंच ठरतात. सन १९३९ च्या ऑगस्टांत अमेरिकेंत पडद्यावर आलेला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा बोलपट याचें ठळक उदाहरण होय.

एल. फ्रँक बॉम याच्या १९०० सालच्या पुस्तकावरून मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें तो काढला. कॅन्ससच्या रुक्ष माळरानावरील डोरोथी ही पोरकी मुलगी वावटळींत सांपडून ऑझ देशीं जाऊन पडते. मेंदू मागणारें बुजगावणें, हृदय मागणारा पत्र्याचा माणूस व धैर्य मागणारा भित्रा सिंह यांच्या संगतीनें ती जादूगाराकडे घरची वाट विचारावयास निघते. कॅन्ससचे प्रसंग तपकिरी छटेंत आहेत. ती दार उघडते आणि पडदा रंगांनीं भरून जातो. ही युक्ति आजहि शिळी झालेली नाहीं.

मूळ कथेंत केलेल्या फेरफारांपैकीं दोन लक्षांत घेण्याजोगे आहेत. पुस्तकांतील रुपेरी जोडे येथें माणकांचे झाले, तें रंगाकरितां. दुसरा फेरफार मात्र नुसत्या शोभेचा नव्हे. बॉमचा ऑझ हा खराखुरा देश आहे. १९१० च्या पुढील एका भागांत डोरोथी काका-काकूंसह तेथेंच राहावयास जाते. बोलपटांत तें सारें स्वप्न ठरतें. मोठें होणें म्हणजे जादूंतून जागें होणें, असा जणूं हा निवाडा आहे. आम्हांस तो पटत नाहीं. थोर म्हणविणारा जादूगार ढोंगी निघतो आणि घरीं नेणारी शक्ति प्रथमपासून मुलीच्याच पायांतील जोड्यांत असते, हें ज्ञान स्वप्नांत लाभलें म्हणून खोटें कसें?

डोरोथीचें काम करणारी ज्यूडी गार्लंड चित्रणाच्या वेळीं १६ वर्षांची होती. ती लहान दिसावी म्हणून तिचें अंग आवळून बांधीत. पडद्यावर जी मोठी होत होती, तिला पडद्यामागें मोठें होण्याची मोकळीक नव्हती! बोलपटाच्या गोडव्यांत हें विसरणें योग्य नव्हे.

सुमारें २८ लक्ष डॉलर खर्चून काढलेल्या या बोलपटास पहिल्या खेपेस नफा झाला नाहीं. १९५६ च्या नोव्हेंबरांत तो दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. पुढें १९५९ पासून अमेरिकन कुटुंबांत तो पाहणें हा जवळजवळ वार्षिक कुळाचार झाला. एकेकाळीं चेटकिणीला भिऊन आईला बिलगलेलीं मुलें आपल्या मुलांना जवळ घेऊन बसूं लागलीं. जागें झाल्यावरहि ऑझ त्यांच्यापाशीं राहिलाच होता.