वाहनात अग्निशस्त्र बाळगणे (भारतीय कायदा)

वाहनात अग्निशस्त्र बाळगणे हा भारतीय कायद्यात वेगळ्या नावाचा गुन्हा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना ताब्याच्या गुन्ह्यातच तो मोडतो. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात असून मराठी वृत्तपत्रांत त्याचा उल्लेख बहुधा ‘भारतीय हत्यार कायदा’ असा येतो. शस्त्र अंगावर न सापडता गाडीत सापडले, की ते नेमके कोणाच्या ताब्यात होते हा प्रश्न निर्माण होतो. अशा खटल्यांत वादाचा मुख्य मुद्दा बहुधा हाच असतो.

परवाना आणि हद्द

कलम ३ नुसार अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्यास परवाना लागतो. नांदेड, लातूर या जिल्ह्यांत तो देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. परवान्यावर त्याचे कार्यक्षेत्र नोंदलेले असते. ज्याचा परवाना केवळ महाराष्ट्रापुरता आहे, त्याने देगलूरमार्गे तेलंगणात किंवा उदगीरहून बिदरकडे गाडीतून पिस्तूल नेल्यास परवान्याच्या अटीचा भंग होतो. कलम ३० नुसार त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सीमावर्ती जिल्ह्यांत ही तरतूद सहज विसरली जाण्याजोगी आहे.

परवानाधारकाच्या चालकाला कायद्याने मर्यादित सवलत दिली आहे. धारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी शस्त्र नेणाऱ्यास स्वतःचा परवाना लागत नाही. मालकाने शस्त्र गाडीतच ठेवून परगावी निघून जाणे या सवलतीत बसत नाही.

निवडणुकीच्या किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात. त्यांचा भंग कलम १३५ नुसार दंडनीय आहे. नांदेड हे तख्त सचखंड श्री हुजूर साहिबचे शहर असल्याने येथे कृपाणाचा विषय निघतो. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला जातो. अग्निशस्त्रांना ही तरतूद लागू नाही.

झडती

कलम २३ नुसार दंडाधिकारी किंवा कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून झडती घेऊ शकतो आणि शस्त्रासह वाहनही ताब्यात घेऊ शकतो. शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा रास्त संशय असेल, तर कलम २० नुसार वॉरंटशिवाय अटक करता येते. परवाना असला तरी ही अटक टळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक आहे. पंचनाम्यातील पंच न्यायालयात फिरतात हा जुना अनुभव पाहता हा बदल महत्त्वाचा आहे.

ताबा कोणाचा?

कलम ३५ वाहनाचा स्पष्ट उल्लेख करते. अनेकांच्या संयुक्त ताब्यातील वाहनात बेकायदा शस्त्र सापडल्यास, त्याचे अस्तित्व ज्यांना माहीत होते असे मानण्यास कारण आहे, त्यांपैकी प्रत्येक जण तो गुन्हा आपण एकट्याने केल्याप्रमाणे जबाबदार ठरतो. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. मात्र केवळ गाडीत बसलेले असणे पुरेसे नाही. माहिती असल्याचा आधार आधी दाखवावा लागतो. आसनाखाली दडवलेला कट्टा आणि सर्वांच्या नजरेसमोर ठेवलेली बंदूक यांत त्यामुळे मोठा फरक पडतो.

गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताब्यासाठी जाणीव आवश्यक मानली. शस्त्र प्रत्यक्ष हाती नसले तरी त्यावर नियंत्रण असणे पुरेसे ठरते. संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्ये घटनापीठाने टाडा कायद्याच्या संदर्भातही ‘जाणीवपूर्वक ताबा’ हाच अर्थ कायम ठेवला. त्याच अभिनेत्याची शस्त्र अधिनियमाखालील दोषसिद्धी २०१३ मध्ये कायम झाली आणि शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आली.

व्यावसायिक चालक व वाहकांवर कलम ३६ आणखी एक कर्तव्य टाकते. वाहतुकीतील एखाद्या खोक्यात शस्त्रे असल्याचा संशय घेण्यास कारण असेल, तर त्यांनी नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवले पाहिजे.

शिक्षा

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड आहे. पूर्वी ही मुदत एक ते तीन वर्षे होती. स्वयंचलित रायफलीसारख्या प्रतिबंधित शस्त्रासाठी सात ते चौदा वर्षे शिक्षा आहे. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला चालवण्यापूर्वी कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दोषसिद्धीनंतर न्यायालय कलम ३२ खाली शस्त्र नेणारे वाहनही सरकारजमा करू शकते. तोवर मालकाला ते सुपूर्दनाम्यावर परत मिळण्याचा मार्ग खुला असतो.

उल्लेखनीय प्रकरणे

मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड–मनमाड मार्गावर एका टाटा सुमोचा व एका इंडिका गाडीचा पाठलाग केला. त्या वेळी ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे हाती लागली. हे प्रकरण ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. २०१६ मध्ये मुंबईतील विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले व त्यांपैकी सात जणांना जन्मठेप दिली. ५ मे २०२२ रोजी हरियाणातील कर्नालजवळ बस्तारा पथकर नाक्यावर एका इनोव्हातून पिस्तूल, ३१ काडतुसे व स्फोटके जप्त झाली. हा माल नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबादला पोहोचवायचा होता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. गाडीतील चौघांनाही अटक झाली.